गावात चिनी सण मांडायचा तर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चिनी नववर्ष, कंदिलांचा सण, शाळेतला ‘जगाची ओळख’ दिवस यांबद्दल विदर्भातल्या वाचनालयांनी, शाळांनी आणि बचत गटांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. चिनी भाषा, पंचांग, सोयाप्रक्रिया आणि हस्तकला यांचा अभ्यास असलेल्यांनी ती मिळून लिहिली आहेत.

आमच्या वाचनालयाला चिनी नववर्षाचा कार्यक्रम घ्यायचा आहे. दर वर्षी वेगळी तारीख दिसते. नक्की कोणती धरायची? आपल्या पंचांगाशी काही मेळ बसतो का?
— मोर्शी तालुका, जि. अमरावती

चांगला मेळ बसतो. चिनी पंचांगही आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालतं. आपल्याकडे अमावस्या सरली की प्रतिपदा लागते. त्यांच्याकडे अमावस्येचा क्षण ज्या दिवशी येतो तोच महिन्याचा पहिला दिवस. म्हणून त्यांचं नववर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावस्येला येतं, इंग्रजी तारखेत २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला आलं, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला, आणि २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला, शनिवारी येईल.

तारीख मागेपुढे का होते हे तुमच्या गावातले पंचांग पाहणारे लगेच समजून घेतील, कारण चीनमध्येही अधिक महिना असतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो आपला अधिक मास. त्यांनी वर्षाचे २४ सौर टप्पे केले आहेत, आणि त्यातले एकाआड एक असे बारा मुख्य. ज्या महिन्यात मुख्य टप्पा येत नाही तो त्यांचा अधिक. साधारण १९ वर्षांत ७ अधिक महिने, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की आपण सूर्याची जागा ताऱ्यांवरून मोजतो आणि ते ऋतूंवरून, म्हणून अधिक महिना दोघांचा एकाच वेळी पडत नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक होता, तर आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये.

त्याचा परिणाम कोजागिरीत दिसतो. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी मध्य-शरद सण असतो. घरचे लोक चांदण्यात बसतात आणि चंद्रासारखे गोल, सारण भरलेले केक कापून वाटून खातात. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आली, ६ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये मात्र तो २५ सप्टेंबरला, म्हणजे गणपती विसर्जनाच्या गडबडीत येतो आणि कोजागिरी महिनाभराने. चंद्रावरच्या डागात ससा दिसतो हे चिनी मुलांनाही शिकवलं जातं. आपण चंद्राला शशांक म्हणतो ते त्याच सशामुळे. मुलांसमोर बोलायला याहून चांगली सुरुवात नाही.

कार्यक्रम पहिल्याच दिवशी घ्यायला हवा असं नाही. सण पंधरा दिवस चालतो आणि शेवट पौर्णिमेच्या कंदिलांनी होतो. २०२७ मध्ये तो दिवस २० फेब्रुवारी, पुन्हा शनिवारच. गावासाठी हाच बरा, कारण चांदणं मिळतं. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा भोंगा लावू नका. लावायचाच असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत बंद करा.

फलकावर ‘शेळीचं वर्ष’ लिहायचं की ‘मेंढीचं’? दोन्ही वाचायला मिळतं.
— याच वाचनालयाकडून

दोन्ही बरोबर. चीनमध्ये प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं. २०२७ चं नाव ‘यांग’, आणि या चिनी शब्दात शेळी आणि मेंढी दोन्ही येतात. विदर्भात शेळी लिहा, लोकांना जवळची वाटेल. ६ फेब्रुवारी २०२७ पर्यंत मात्र घोड्याचंच वर्ष चालू आहे. जानेवारीत जन्मलेल्या मुलाला शेळीच्या वर्षात टाकण्याची चूक सगळीकडे होते, तेवढी टाळा.

गावातले काही जण म्हणतात, सीमेवर आपले जवान मारणाऱ्या देशाचा सण कशाला करायचा? त्यांना काय उत्तर द्यावं?
— आर्वी तालुका, जि. वर्धा

त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. १९६२ चं युद्ध आणि १५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात धारातीर्थी पडलेले २० जवान, ही जखम खरी आहे. गावात माजी सैनिक असतील तर कार्यक्रम ठरवण्याआधी त्यांच्या घरी जा, काय काय करणार ते सांगा आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवा. चीनचा झेंडा लावू नका, नेत्यांचे फोटो लावू नका, घोषणा नकोत. ‘चिनी सण साजरा करू’ असं न म्हणता ‘शेजारच्या लोकांची ओळख’ असं नाव द्या. शब्दांचा खेळ म्हणून हे सांगत नाही. सरकार आणि लोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्यक्रम लोकांबद्दल आहे हे पत्रिकेवरच दिसलं पाहिजे.

पहिला फलक डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा करा. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केलं, आणि पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, ही गोष्ट विदर्भातही फार थोड्यांना माहीत आहे. फलकावर ती मोठ्या अक्षरांत लिहा. बाकीचे चौघे परतले, कोटणीस थांबले. रणांगणामागच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव यिन्हुआ ठेवलं : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. हबेइ प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे आणि तिथे आजही फुलं वाहिली जातात.

दुसऱ्या फलकावर आजची स्थिती जशी आहे तशी मांडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या गस्तीबद्दल समझोता झाला, २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही देशांत थेट विमानं सुरू झाली. सीमेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हे शेवटचं वाक्यही फलकावर हवंच. ते गाळलं तर विरोध करणाऱ्यांचा संशय खरा ठरेल.

आमच्या बचत गटाला शंभर माणसांसाठी चिनी पदार्थ करायचा आहे. मंच्युरियन करावं का? सामान तालुक्याच्या बाजारातलंच हवं.
— लाखनी तालुका, जि. भंडारा

मंच्युरियन चीनमध्ये कोणाला माहीत नाही. तो आपल्याच देशात, चिनी वंशाच्या खानसाम्यांच्या हातून तयार झालेला पदार्थ आहे. चवीला छान, पण ओळख करून द्यायची तर जिआओझ् करा. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर एका परातीभोवती बसून ते वळतं. घडण करंजीची, आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीचा, म्हणून ते समृद्धीचं खाणं. तुमच्या गटातल्या बायांचा हात करंजीवर बसलेला आहेच, अर्धं काम तिथेच झालं.

अर्धा किलो मैद्यात साधारण ६५ नग होतात. शंभर जणांना प्रत्येकी चार द्यायचे तर सव्वातीन किलो मैदा घ्या. पुढचं माप अर्ध्या किलोचं आहे.

मैद्यात साधारण २७० मिलि थंड पाणी थोडं थोडं घालून कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठासारखं मळा. मीठ चिमूटभर, तेल नाही. तेलाचं मोहन घातलं की कडा चिकटत नाहीत आणि उकळताना सारण बाहेर येतं. करंजीच्या सवयीने हीच चूक पहिल्यांदा होते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

सारणाला अर्धा किलो पत्तागोबी अगदी बारीक चिरा, एक चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग पंच्यात बांधून घट्ट पिळा. पाऊण वाटी पाणी सहज निघतं. हे पाणी राहिलं तर पारी आतून भिजते आणि फाटते. त्यात शंभर ग्रॅम किसलेलं गाजर, एक जुडी पातीचा कांदा, एक मोठा चमचा किसलेलं अद्रक, दीडशे ग्रॅम कुस्करलेला टोफू (तो कसा करायचा ते पुढच्या उत्तरात आहे), दोन मोठे चमचे सोया सॉस. सॉसमध्ये मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ चाखूनच. चिनी स्वयंपाकातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, त्याचा वास आपल्या घाण्याच्या तेलाला नाही. दोन चमचे तीळ खरपूस भाजून कुटा आणि घाण्याच्या एक चमचा तेलात कालवून घाला, वास बराच जवळ येतो. गरम मसाला नको, हळद नको. सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला तर चालेल.

बारा ग्रॅमची, म्हणजे मोठ्या बोराएवढी लाटी घ्या. आठ सेंटिमीटरची पारी लाटा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. एका हाताने पारी फिरवायची, दुसऱ्या हाताने छोटं बेलणं फक्त कडेवरून मध्यापर्यंत न्यायचं. सारण एक लहान चमचा, जास्त नाही. कडा मिटताना आतली हवा बाहेर काढा. हवा राहिली की जिआओझ् पाण्यात फुगून फुटतो.

मोठ्या गंजात चार लिटर पाणी खळखळा उकळा, एका वेळी वीसच सोडा आणि लगेच झाऱ्याच्या पाठीने तळातून हलवा, नाहीतर बुडाला लागतात. पाणी उकळलं की एक वाटी थंड पाणी ओता. असं तीन वेळा. बाहेरची पारी विरघळू न देता आतलं सारण शिजावं म्हणून ही रीत. सहा-सात मिनिटांत वर तरंगले, पारी जरा पारदर्शक दिसली की काढा. इडलीपात्रात वाफवायचे असतील तर खाली पत्तागोबीची पानं अंथरा, दहा-बारा मिनिटं लागतात. शंभर जणांसाठी वाफवणं जास्त सोयीचं.

आधी वळून ठेवायचे असतील तर पीठ भुरभुरलेल्या परातीत, एकमेकांना न चिकटवता, ओल्या फडक्याखाली दीड तासापर्यंत. त्यापुढे तळ ओला होतो. बुडवायला व्हिनेगर दोन भाग, सोया सॉस एक भाग, वरून ठेचलेला लसूण. वऱ्हाडी तोंडाला तिखट हवं असेल तर लाल मिरचीच्या भुकटीवर कडकडीत तेल ओता. हे सिचुआन प्रांतात रोज होतं, त्यामुळे संकोच नको. अजिनोमोटोची गरज नाही. तो मुळात जपानी शोध आहे, १९०८ चा.

आमच्याकडे सोयाबीन घरचं आहे. त्यापासून टोफू करता येईल का? आणि सोयाबीनच्या भावाचा चीनशी संबंध आहे असं बातम्यांत ऐकतो, ते मुलांना कसं समजवावं?
— मेहकर तालुका, जि. बुलडाणा

आधी दाण्याचं सांगतो. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुऊन ते जात नाही. रंग लावलेला दाणा ओळखू येतो, पण घरी प्रक्रिया केलेला येईलच असं नाही. खाण्यासाठी मळणीच्या वेळीच वेगळं काढलेलं, पिवळं, डाग नसलेलं सोयाबीन घ्या. एक वर्षाहून जुनं असेल तर दूध कमी निघतं.

पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात भिजवा. थंडीत दहा-बारा तास, उन्हाळ्यात सहा-सात. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवलं की आंबतं. दाणा दुभागला तर आतला भाग सपाट दिसला पाहिजे. मध्ये खळगा दिसत असेल तर अजून भिजू द्या. हाताने चोळून साली काढा. दोन लिटर पाणी मोजून घ्या आणि त्यातलं थोडं थोडं घालत मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. कच्चट वास येऊ नये म्हणून वाटताना कडकडीत गरम पाणी वापरा. दाणा फुटताच त्यातलं एक द्रव्य हवेशी लागून तो वास तयार करतं आणि उष्णतेने ते मरतं. मिक्सरचं भांडं स्टीलचं असावं आणि अर्धंच भरावं.

मलमलच्या फडक्यातून दूध गाळा. उरलेला चोथा टाकू नका. तो ज्वारीच्या पिठात मिसळून धपाटे होतात, फक्त नीट भाजून. दूध दुप्पट मोठ्या गंजात उकळायला ठेवा. इथे सगळेच फसतात : पूर्ण उकळी येण्याआधीच फेस झपाट्याने वर येतो आणि उकळलं असं वाटतं. ते उकळलेलं नसतं. फेस खाली बसवत, बुडाला लागू न देता ढवळत राहा आणि खरी उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं मोजून शिजवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, ती या दहा मिनिटांत निकामी होतात. कमी शिजवलं तर पोट दुखतं, उलट्या होतात. लहान मुलांना देणार असाल तर इथे घाई नको.

आच बंद करून पाच मिनिटं थांबा. तीन लिंबांचा रस, म्हणजे तीन मोठे चमचे, एक ग्लास कोमट पाण्यात मिसळा आणि तीन वेळा विभागून घाला. दर वेळी पळी एकदाच हळू फिरवायची. झाकून दहा मिनिटं. वरचं पाणी फिकट पिवळं आणि नितळ झालं की जमलं. अजून दुधाळ दिसत असेल तर दूध जास्त गार झालेलं असतं किंवा रस कमी पडलेला असतो : किंचित गरम करून आणखी एक चमचा रस घाला. रस एकदम ओतला किंवा खूप ढवळलं तर टोफू भुगा होतो. फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, वर दीड किलो वजन, वीस-पंचवीस मिनिटं. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास घट्ट टोफू मिळतो. पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून, फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो. चीनमध्ये लिंबाऐवजी खाण्याच्या प्रतीचं जिप्सम किंवा मिठागरातलं कडू पाणी वापरतात, त्यामुळे तिकडचा टोफू जास्त मऊ आणि बिनआंबट. कृषी केंद्रातलं जिप्सम किंवा मॅग्नेशियम सल्फेट शेतासाठी असतं, स्वयंपाकात नको.

आता भावाचं. सोयाबीन मूळचं चीनचं पीक, हजारो वर्षांपूर्वी तिथेच माणसाळवलेलं. आज तोच देश सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे. भारतात सगळं मिळून सव्वा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन पिकतं, आणि चीन दर वर्षी दहा कोटी टनांच्या घरात नुसतं आयात करतो, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेकडून. तेल काढतात, ढेप डुकरांना आणि कोंबड्यांना घालतात. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला तेव्हा अमेरिकेत भाव पडले आणि ब्राझीलचे चढले. आपलं सोयाबीन चीनला फारसं जात नाही, तरी धक्का पोचतो, कारण आपण सोया तेल बाहेरून आणतो आणि ढेप बाहेर विकतो. बाहेर तेल आणि ढेप स्वस्त झाली की इथला कारखानदार मेहकरच्या बाजार समितीत चढी बोली लावत नाही. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. बाजारातला रोजचा दर त्याखाली का राहतो, याचं एक कारण इथे सापडतं. एकमेव कारण नाही. ओलावा, काडीकचरा आणि खरेदी केंद्र उशिरा उघडणं हीही आहेतच.

मुलांसाठी एक साधी मांडणी करा. जमिनीवर खडूने भारत, चीन, ब्राझील, अमेरिका असे चार गोल काढा. एक दाणा म्हणजे एक लाख टन धरा. भारताच्या गोलात १२५ दाणे, आणि ब्राझील-अमेरिकेकडून चीनच्या गोलात मुलांनी हजार दाणे वाहून न्यायचे. हजार दाणे मोजून वाहताना पोरं दमतात, आणि आकडा लक्षात राहतो.

कापसाचंही तसंच आहे का? चीनने घेतला की भाव वाढतो म्हणतात.
— कळंब तालुका, जि. यवतमाळ

काही वर्षं अगदी तसंच होतं. २०११ पासून तीन हंगाम चीन सरकारने चढ्या भावाने कापूस घेऊन गोदामं भरली, साठा एक कोटी टनांच्या पुढे गेला आणि भारताच्या गाठी मोठ्या प्रमाणात तिकडे गेल्या. २०१४ मध्ये त्यांनी धोरण बदललं, आधी साठा संपवायला घेतला, आयात आखडली. आपल्याकडे गिऱ्हाईक एकदम आटलं. तेव्हापासून चीनचा कापूस बहुतेक सगळा शिनज्यांग प्रांतात पिकतो, आणि तिथे सक्तीने काम करवून घेतलं जातं या आरोपावरून अमेरिकेने जानेवारी २०२१ पासून त्या कापसाच्या मालाला दार बंद केलं आहे. प्रदर्शनात कापसाचं बोंड ठेवणार असाल तर ही बाजूही लिहा. ओळख म्हणजे फक्त गोड गोड सांगणं नव्हे.

कंदिलांच्या सणाला आकाशात सोडायचे कागदी कंदील आणावेत का? ऑनलाइन स्वस्त मिळतात.
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

आणू नका. खाली मेणाची पेटती वात असलेला तो कंदील वाऱ्याबरोबर कुठेही जातो, आणि वात विझण्याआधी खाली आला तर आगच. फेब्रुवारीत तुमच्या शिवारात काय असतं ते आठवा : तुरीच्या कुटाराच्या गंज्या, पऱ्हाटीचे ढीग, वाळत आलेला हरभरा, घराच्या ओसरीत कापूस. एक कंदील पुरेसा आहे. चीनमधल्या अनेक शहरांतही याच कारणाने त्यावर बंदी आहे.

सणाची खरी गंमत टांगलेल्या लाल कंदिलात आहे, आणि तो पंधरा मिनिटांत होतो. ३० बाय २१ सेंटिमीटरचा लाल कार्डशीट लांबीच्या बाजूने दुमडा. दुमडीकडून कडेकडे, दोन-दोन सेंटिमीटरवर काप द्या, पण कडेला अडीच सेंटिमीटर सोडा. काप दुमडीच्या बाजूनेच हवेत. मुलं हमखास उलट्या बाजूने कापतात आणि कागदाच्या झिरमिळ्या हातात येतात. आतल्या नळीसाठी ३० बाय १७ चा पिवळा कागद गुंडाळून चिकटवा. लाल कागद उलगडून तिच्याभोवती गुंडाळा, वरची कड नळीच्या वरच्या कडेला आणि खालची खालच्या कडेला. नळी चार सेंटिमीटर आखूड असल्यामुळे लाल पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात. फेव्हिकॉल पूर्ण वाळेपर्यंत दोन्ही कडांना कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. आत बॅटरीवरचा छोटा दिवा, मेणबत्ती नाही.

चीनमध्ये प्रत्येक कंदिलाला कोड्याची चिठ्ठी लटकवतात. ज्याला उत्तर येईल त्याने चिठ्ठी तोडून न्यायची. तुमच्या आज्यांकडून वऱ्हाडी कोडी लिहून घ्या. चाळीस कंदील, चाळीस कोडी, म्हणजे दोन तास सहज जातात.

शुभेच्छा चिनीत कशा द्यायच्या? व्हिडिओत ऐकून मुलं म्हणतात, पण प्रत्येक जण वेगळंच म्हणतो.
— भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर

‘शिन न्येन ख्वाइ लऽ’, म्हणजे नवं वर्ष आनंदाचं. मराठी मुलांना हे इंग्रजी अक्षरांवरून शिकवू नका, देवनागरीतूनच शिकवा, कारण चिनी उच्चारांचा कणा आपल्याकडे तयार आहे. रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘पी’ लिहिलेली चिनी अक्षरं म्हणजे आपले प आणि हवेचा झोत असलेला प. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त आणि थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख यांच्या जवळचे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा : ‘क’ म्हणताना ती हलता कामा नये, ‘ख’ म्हणताना उडाली पाहिजे. ख्वाइमधला ख असा उडता हवा. मराठीला आणखी एक फायदा आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपण वेगळे म्हणतो. चिनीतही हे दोन्ही आहेत, आणि हिंदीभाषकांना जो अडतो तो चमच्यातला च आपल्या मुलांना येतोच. जिआओझ् मधला शेवटचा आवाज त्याच्याच जवळचा.

अडतो तो सूर. ‘शिन’ उंच आणि सपाट. ‘न्येन’ खालून वर, आपण आश्चर्याने ‘होऽ?’ विचारतो तसा. ‘ख्वाइ’ आणि ‘लऽ’ वरून खाली तोडलेले, ‘थांब!’ म्हणतो तसे. सूर बदलला की अर्थ बदलतो : ‘मा’ सपाट म्हटलं तर आई, वर नेलं तर ताग, खाली दाबून म्हटलं तर घोडा, तोडून म्हटलं तर रागावणं. मुलांना हे चार ‘मा’ आधी शिकवा, मग शुभेच्छा. ‘गुंग हेइ फॅट चॉय’ हे दक्षिणेकडच्या कँटनी बोलीतलं आहे, दोन्ही एकत्र करू नका.

सहल कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला न्यावी का? चिनी मंदिर आहे ना?
— मौदा तालुका, जि. नागपूर

जरूर न्या, पण चिनी म्हणून नव्हे. ते बौद्ध मंदिर जपानी मदतीने १९९९ मध्ये उभं राहिलं आणि तिथली परंपरा जपानमधल्या निचिरेन पंथाची आहे. चिनी बौद्ध धर्माबद्दल बोलायचं असेल तर श्वानझांगचं, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या ह्युएन त्संगचं, उदाहरण घ्या. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं.

संक्रांतीला घातक ठरणारा ‘चायनीज मांजा’ खरंच चीनचा असतो का?
— उमरेड तालुका, जि. नागपूर

पतंग चीनमधून जगभर गेला हे खरं, पण हा मांजा म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा, आणि तो आपल्या देशातही बनतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. तो तुटत नाही, म्हणूनच गळा कापतो आणि वीजवाहिनीवर अडकतो. चीनमधल्या वेइफांग शहरात १९८४ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. तिथले नावाजलेले पतंग काप खेळण्यासाठी नसतातच, ते रंग आणि घडण दाखवायला उडवतात. तुमच्या कार्यक्रमात सुती दोऱ्यावर तसे पतंग उडवा.

दंडारीतले आमचे कलावंत सिंहनृत्य बसवायला तयार आहेत. सिंहाचं डोकं गावात करता येईल का?
— कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

तुमच्याकडे बांबू आहे आणि बुरुड आहेत, मग सहज. साठ सेंटिमीटर व्यासाची उथळ टोपली हा डोक्याचा घेर, पुढे जबड्यासाठी सुपासारखा वेगळा तुकडा, दोन्ही बाजूंना सुतळीने सैल बांधलेला म्हणजे तो उघडतो-मिटतो. बांबूच्या कामट्या हिरव्या असतानाच वाकवा. आत कानापासून कानापर्यंत आडवी काठी बांधा, नाचणारा ती दोन्ही हातांनी धरतो. काठीला सुती कापड गुंडाळा, नाहीतर तळवे सोलतात.

मैद्याची खळ करून वर्तमानपत्राचे तीनच थर द्या, प्रत्येक थर सावलीत पूर्ण वाळल्यावर पुढचा. घाई करून एकदम जाड थर दिला की आतून बुरशी येते आणि वजन वाढतं. पूर्ण डोकं अडीच-तीन किलोच्या वर गेलं तर नाचणाऱ्याचे खांदे पाच मिनिटांत भरून येतात. डोळे मोठे, पापण्या दोरीने हलणाऱ्या. अंगासाठी अडीच मीटर लांब झुळझुळीत कापड, जाड सतरंजी नको.

आत दोघे असतात. मागचा कंबरेत वाकून पुढच्याचा पट्टा धरतो. त्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून इशारे आधी ठरवा : पट्ट्याला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे वळ. खरं कष्टाचं काम मागच्याचंच, त्याला सहा-सात मिनिटांनी बदला. बरेच माणसं काठ्यांवर नाचवतात तो सिंह नव्हे, ड्रॅगन. दोन्हींची गल्लत पत्रिकेवर होऊ देऊ नका.

वाद्यांना ढोल, झांज आणि थाळी पुरते. दंडारीत नाचणारा ढोलकीच्या मागे जातो, इथे उलट असतं : ढोलवाला सिंहाकडे पाहून वाजवतो. सिंह झोपला की काठी ढोलाच्या कडेवर हळू, डोळे उघडले की चामड्यावर, उडी घेतली की तिघेही एकदम. शेवटी दाराच्या चौकटीला पत्तागोबी टांगा. सिंह दोनदा हुंगतो, घाबरून मागे सरतो, तिसऱ्यांदा तोंडात घेतो. आतला माणूस पानं भराभर सोडवून लोकांवर उधळतो, ती अंगावर पडली की वर्ष चांगलं जातं असं मानतात. गोबीचा दांडा आदल्या रात्रीच अर्धा कापून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पानं सुटत नाहीत आणि ढोलवाल्याला तोच ठेका वाजवत बसावं लागतं.